मशीन घेण्याआधी आठ दिवस घंटागाडीच्या मागे फिरा



मागे एका वर्कशॉपनंतर एक जोडपं माझ्याशी बोलायला थांबलं. दोघंही तालुक्याच्या गावचे. गावाबाहेर शेड भाड्याने घेतलेली, लोन काढून प्लास्टिकचा चुरा करणारं मशीन आणलेलं, लाईटचं कनेक्शनही झालेलं. फक्त माल नव्हता. म्हणजे पोत्यांचा ढीग होता, पण त्यात वरण-भाताला चिकटलेल्या पिशव्या, चिप्सची चकचकीत पाकिटं आणि ओला कागद. चुरा विकत घेणारा कारखानदार नमुना हातात घ्यायचा आणि परत द्यायचा. लोनचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जायचा. ताई म्हणाल्या, "सर, कचरा तर गावभर पडलाय. मग आम्हाला माल का मिळत नाही?"

या प्रश्नाने मला जरा लाज वाटली, कारण एका जुन्या व्हिडिओत मीच म्हणून गेलो होतो की या धंद्यात कच्चा माल फुकट मिळतो. ते वाक्य चुकीचं होतं. कचरा फुकट असतो, पण माल फुकट नसतो. स्वयंपाकघरात दुधाची पिशवी खरकट्यात न टाकता धुऊन वेगळी ठेवली जाते, तेव्हा कुठे कचऱ्याचा माल व्हायला सुरुवात होते. ते काम तुमचं मशीन करू शकत नाही. ते गावाने करायचं असतं, आणि गावाकडून ते करून घ्यायचं काम नगरपालिकेचं. चक्राकार अर्थव्यवस्था हा शब्द मोठा वाटतो. वापरलेली वस्तू फेकायची नाही, पुन्हा वापरात आणायची, एवढाच त्याचा अर्थ. पण ते चक्र तुमच्या शेडमध्ये सुरू होत नाही, लोकांच्या दारात सुरू होतं.

सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले घ्या. जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीचं गाव. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने कचरा घरातच वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. वेगळा केलेला कचरा गाडीतही वेगळाच राहायचा आणि प्रकल्पावर त्याचे आणखी बारीक प्रकार पाडले जायचे. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, सुक्या पालापाचोळ्याच्या कांडी कोळशासारख्या विटा, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जिथे आधी डंपिंग ग्राउंड होतं, तिथे लोक फिरायला येऊ लागले. यातली यंत्रं काही जगावेगळी नव्हती. अवघड काम होतं ते रोज दारात उभं राहून "ताई, हे यात नाही, त्या डब्यात" असं सांगायचं. एखाद्या दिवशी मिसळलेला कचरा घेतला, की लोक दुसऱ्या दिवशी वेगळा करायचं सोडून देतात. आपण सगळे तसेच आहोत, मीही.

पुण्याची गोष्ट वेगळी, पण धंदा शिकणाऱ्याने ती नीट समजून घ्यायलाच हवी. तिथे 1993 मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आता पैशाची मांडणी बघा. घरोघरी जाऊन कचरा घेणाऱ्या सभासदाला त्या घरांकडून महिन्याचं शुल्क मिळतं. वर, सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून येणारे पैसेही त्याचेच. म्हणजे कमाईला दोन पाय आहेत. भंगाराचा भाव पडला तरी शुल्काचा पाय टेकलेला राहतो. आपल्यातले बहुतेक नवउद्योजक एकाच पायावर, म्हणजे विक्रीच्या भावावर, उभे राहतात. भाव घसरला की पडले.

हाच हिशोब खताला लावू. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून साधारण वीस ते तीस किलो खत निघतं, बाकीचं बहुतेक पाणी असतं आणि ते उडून जातं. म्हणजे तुम्ही टेम्पो भरून आणता त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी वाहून आणता! डिझेल त्या पाण्यावर जातं. म्हणून फक्त खत विकून मोठं होण्याचा प्लॅन कुणी दाखवला, की मी आधी वाहतुकीचा खर्च विचारतो. त्याऐवजी सोसायटीच्या, हॉटेलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारातच खत करून द्या आणि त्या सेवेचं महिन्याला शुल्क घ्या. खत हा वरचा फायदा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय चालू ठेवणाऱ्यांना मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते. प्रकल्प बंद पडला तर ती सवलत जाऊ शकते. गांडुळांचा खड्डा सांभाळायला सोसायटीच्या सेक्रेटरीला वेळ नसतो, आणि तिथेच तुमचा कस्टमर तयार होतो.

खत विकायचंच असेल तर गोणीत भरून लेबल लावलं म्हणजे झालं असं नाही. शहरी खताला केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाचे निकष आहेत. ओलावा 15 ते 25 टक्के हवा, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 20 च्या आत हवं, आणि चाळणीचीही अट आहे. कचऱ्यात बॅटरी, ट्यूबलाईटचे तुकडे मिसळले असतील तर जड धातूंच्या तपासणीत खत नापास होतं. म्हणजे इथेही फिरून तोच मुद्दा, घरात वेगळं केलं होतं का? राज्य सरकारने नगरपालिकांनी केलेल्या खतासाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' हा ब्रँड काढला आहे. तुमची नगरपालिका त्यात आहे का, हे विचारून घ्या.

आता तुम्ही काय करायचं? आठ दिवस सकाळी सहाला उठून घंटागाडीच्या मागे टू-व्हीलर घेऊन फिरा. मी गंमत करत नाहीये. लोक दोन डबे देतात का, गाडीत मधे पार्टिशन आहे का, की वेगळं दिलेलं आत एकत्रच होतं, हे बघा. गाडीवरच्या दादांना चहा पाजा, कोणत्या गल्लीतला माल चांगला येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. गाडी कुठे रिकामी होते, तिथे शेड आणि वजनकाटा आहे का, सुका कचरा आज कोण उचलतं, तेही बघा. तिथे आधीपासून वेचक महिला काम करत असतील तर त्यांना बाजूला सारून धंदा उभा करायचा विचार सोडा. मालाची पारख तुम्हाला त्यांच्याकडूनच शिकायची आहे, पाण्याची पारदर्शक बाटली आणि रंगीत बाटली यांच्या भावातला फरक त्या हात लावून सांगतात.

मग स्वच्छता निरीक्षकांना भेटा. सबसिडी मागू नका, निदान पहिल्या भेटीत तरी नको. घनकचऱ्याचे उपविधी मागा आणि शहरात मोठा कचरा करणारे कोण आहेत ते विचारा. 2016 च्या नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली होती. नियम बदलत राहतात, म्हणून आजचा कागद हातात घ्या. नगरपालिकेकडून तुम्हाला पैशापेक्षा जागा, वजनाची नोंद आणि दोन-तीन वर्षांचा लेखी करार जास्त उपयोगी पडेल. अधिकारी बदलून गेले की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो. तेवढ्यावर मशीन घेणारे मी पाहिलेत.

आणि सगळा धंदा कचऱ्यातच शोधायला पाहिजे असंही नाही. आपल्याकडे कित्येक गावांत देवळाची नाहीतर तालमीची भांडी असायची, लग्नाला न्यायची आणि घासून परत ठेवायची. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. स्टीलची पाचशे ताटं आणि धुऊन द्यायची सोय, एवढ्यावर एखादा बचत गट काम सुरू करू शकतो. ग्रामपंचायतीने ठराव करून समाजमंदिराच्या बुकिंगमध्येच भांड्यांचं भाडं धरलं, तर गटाला कस्टमर शोधत फिरावं लागत नाही.

त्या जोडप्याने पुढे मशीन तीन महिने झाकून ठेवलं. हप्ते ताईंच्या शिलाईवर निघाले. या काळात ते चार अपार्टमेंट आणि एका मंगल कार्यालयात जाऊन सुका कचरा वेगळा घ्यायला लागले, महिन्याच्या शुल्कावर. सुरुवातीला एका अपार्टमेंटने पैसे द्यायला नकार दिला, तर तिथला कचरा उचलणं त्यांनी सरळ थांबवलं. दहा दिवसांनी तिथल्या अध्यक्षांचाच फोन आला. आता मशीन आठवड्यातून दोन दिवस चालतं. लोन अजून फिटायचंय. पण परवा ताईंनी नमुन्याचा फोटो पाठवला, पांढरा स्वच्छ चुरा, आणि खाली लिहिलं होतं, "सर, या वेळी परत नाही आला."