परसातला माच कोणत्या फळीचा?

महाड-पोलादपूरकडचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. चार महिने उघड्यावर राहिलेली साधी लाकडी फळी फुगते, वाकते, तिला बुरशी लागते. मग परसात बसायला माच करायचा, तर फळी कशाची घ्यावी?

वितळलेल्या पॉलिएथिलीनमध्ये लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या फळ्या मिळतात. हा संमिश्र पदार्थ. नाव नवे, कल्पना जुनीच! कुडाच्या भिंतीत कारवीच्या काठ्या ताण सोसतात आणि शेणमाती त्यांना धरून ठेवते, नाही का? फळीत भुशाच्या कणांभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन असते, म्हणून पाणी सावकाश शिरते. पण शिरते! कापलेल्या टोकाशी कण उघडेच असतात. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. तुकडा वजन करून आठवडाभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. १०० ग्रॅमचे १०३ झाले, तर ३ टक्के पाणी शिरले. शेजारी सागाचाही तुकडा ठेवा.

उन्हात ही फळी लाकडापेक्षा अधिक लांबते. टोकांशी फट हवीच. भाराने ती वाकतेही अधिक, म्हणून खालच्या वाशांत साधारण ४० सेंटिमीटरच अंतर ठेवतात. हे वासे मात्र बहुधा लाकडाचेच असतात. फळी शाबूत राहून वासा कुजला, तरी माच कोसळतोच.