कृत्रिम झडप झिजत नाही, रक्ताची गाठ तिला अडवते

हृदयात धातूची झडप बसवून रुग्ण घरी येतो, तेव्हा रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक घरच्यांनाही ऐकू येते. 'ही किती वर्षे टिकणार?' हा प्रश्न मनात येतोच.

मिनिटाला ७२ ठोके धरले, तर झडप वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडते-मिटते. तरीही आजच्या कार्बनच्या झडपा सहसा झिजत नाहीत. २०-३० वर्षेही चालतात. १९७९ ते १९८६ दरम्यान बसवलेल्या ब्योर्क-शायली झडपेच्या एका प्रकारात मात्र तारेचा आधार तुटून अनेकांचे प्राण गेले. १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घेतली गेली.

खरा शत्रू कोण?

झडप बंद पडण्यामागे बहुधा धातू नसतो, तर रक्ताची गाठ असते. कधी आजूबाजूची पेशीजालेही वाढून तिला अडवतात. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये गाठीने झडप अडकलेल्या १२० रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना गाठ विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिले गेले. औषध वेगाने देऊनही फारसा जास्त फायदा झाला नाही आणि अनेकांना पूर्ण गुण आला नाही. म्हणूनच गाठ होऊ न देणे हाच खरा उपाय.

घरच्यांनी काय पाहावे?

• रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. बरे वाटते म्हणून ती कधीही बंद करू नये.

• डॉक्टर सांगतील तेव्हा 'आयएनआर' तपासणी करावी. आकडा कमी झाला तर गाठीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची.

• पालक-मेथी सोडू नये, पण प्रमाण एकसारखे ठेवावे.

• दुखण्यावरची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय घेऊ नये. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेविषयी सांगावे.

• मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच सल्ला घ्यावा. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते.

टिकटिक मंद झाली, अचानक दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

लाखोंचे ऑपरेशन एकदाच होते. गोळी आणि तपासणी मात्र जन्मभर सांभाळावी लागते.