पायाखालच्या बॅटऱ्या

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर 91 मीटर लांबीची 'आयएनएस कुरसुरा' उभी आहे. 1969मध्ये ही पाणबुडी नौदलात आली, 1971च्या युद्धकाळात अरबी समुद्रात गस्त घातली, 2001मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. आत शिरलं की सगळ्यांची नजर टॉर्पेडोंवर जाते. खरं तर बघावं पायाखाली. बॅटऱ्यांची जागा तिथे.

डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात पाणबुडी चालायची ती बॅटरीवर. बॅटरी उतरली की वर यायचं, निदान स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढून इंजिन सुरू करायचं. शत्रूच्या रडारला सापडायची वेळ हीच! त्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं, की एक ठिणगी पुरते.

याच किनाऱ्यावर 1971च्या युद्धाचं स्मारक आहे. त्या डिसेंबरात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी इथल्याच बंदराबाहेर खलाशांसह बुडाली. भारताच्या 'राजपूत' विनाशिकेने टाकलेले पाणबाँब, तिने स्वतःच पेरलेला सुरुंग, की आतल्या हायड्रोजनचा स्फोट? जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही.