दुसऱ्या फळीतला गार्ड

बास्केटबॉलच्या सामन्याला मी लवकर जातो. इंडियानापोलिसच्या गेनब्रिज फील्डहाउसचे दरवाजे उघडतात तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात, पॉपकॉर्नवाल्यांची मांडामांड चाललेली असते आणि मैदानावर दोन-तीन खेळाडू एका सहायक प्रशिक्षकाबरोबर घाम गाळत असतात. बहुतेकदा हे बाकावरचे लोक. त्यांच्या नावाचे शर्ट दुकानात फारसे टांगलेले नसतात. सामन्यात आपल्या वाट्याला धावपळ येईल याची खात्री नसल्यामुळे त्यांचा व्यायाम आधीच उरकून घेतात. सामना सुरू होतो तेव्हा यांच्या पायांत निम्मा सामना झालेला असतो आणि मग त्यांना बसावं लागतं.

हे बसणंच अवघड. क्रिकेटमधला बारावा खेळाडू बसतो, पण त्याला फलंदाजी करायची नसते. बास्केटबॉलमध्ये बदली कितीही वेळा करता येते, त्यामुळे बाकावरच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली सुरू करणाऱ्या खेळाडूला, आज खेळायचंच आहे, फक्त कधी आणि किती ते त्याच्या हातात नाही. एनबीए या अमेरिकी लीगचा सामना ४८ मिनिटांचा, बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर. पहिले पाच जण सात-आठ मिनिटं पळाले की मुख्य गार्डला दम खायला बाहेर काढतात. राखीव गार्ड अंगावरचा जाड शर्ट उतरवून स्कोअररच्या टेबलासमोर जाऊन बसतो आणि शिट्टीची वाट पाहतो. चेंडू बाहेर गेल्याशिवाय किंवा फाउल झाल्याशिवाय आत जाता येत नाही. कधी दोन मिनिटं शिट्टीच होत नाही. तोवर इकडे अंग थंड होत असतं आणि तिकडे समोरचा संघ सहा गुण काढून मोकळा होतो.

आत गेल्यावर त्याच्यासमोर पूर्ण तापलेली माणसं असतात. त्यांना खेळाचा वेग ठाऊक झालेला असतो, पंच आज कुठला स्पर्श फाउल धरतायत हेही कळलेलं असतं. याला ते पहिल्या तीस सेकंदांत ओळखायचं असतं. चुकला तर सावरायला वेळ नाही. पुढच्या शिट्टीला टेबलासमोर दुसरं कुणी येऊन बसलेलं असतं. म्हणून या जागेवर टिकणारा गार्ड सहसा चमकदार नसतो. त्याच्याकडून काय मिळेल हे प्रशिक्षकाला आदल्या रात्री ठाऊक असतं, हाच त्याचा गुण.

मी ज्याला सर्वात बारकाईनं पाहिलं तो टी. जे. मॅककॉनेल. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे या खेळात बुटका. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडून घेण्याच्या फेरीत, त्याला कुणी निवडलं नाही. फिलाडेल्फियाच्या संघानं घेतलं, कारण तो संघ तेव्हा कुणालाही संधी देत होता. त्या हंगामात ८२ पैकी त्यांनी जेमतेम १० सामने जिंकले. २०१९ च्या उन्हाळ्यात तो इंडियाना पेसर्सकडे आला. हाच संघ त्या वर्षी ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जशी खेळला. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. डोममध्ये टाळ्या पडत होत्या त्या डंकला, आणि त्यात गैर काही नाही. राखीव गार्ड बघण्याची नजर यायला बरेच कंटाळवाणे सामने पाहावे लागतात.

मॅककॉनेल बघायचा तो चेंडू नसलेल्या बाजूला. प्रतिस्पर्ध्यानं बास्केट खाल्ली की त्याचा एक खेळाडू चेंडू उचलून रेषेबाहेरून आत पास देतो. बाकीचे सगळे त्या क्षणी पाठ फिरवून आपापल्या जागी परतत असतात. तो पास म्हणजे निव्वळ उपचार. मॅककॉनेलही परतायला निघाल्यासारखं करतो, दोन पावलं टाकतो, खांदे पाडतो. मग पास देणाऱ्याची नजर ढिली पडली की झेप घेऊन मधूनच चेंडू पळवतो. ही युक्ती सगळ्या लीगला माहीत आहे, तरीही ती चालते. माणूस रोज शंभर वेळा करतो त्या कामात सावध राहू शकत नाही, यावर त्याची रोजीरोटी आहे.

दुसरी गोष्ट पायांची. मैदान ९४ फूट लांब. बहुतेक गार्ड मध्यरेषेपाशी प्रतिस्पर्ध्याची वाट पाहतात, हा त्याला पलीकडच्या टोकापासून चिकटतो. चेंडू नेहमी निसटतोच असं नाही, पण समोरच्या संघाचे २४ सेकंदांतले सहा-सात सेकंद वाया जातात आणि त्यांची ठरलेली चाल उशिरा सुरू होते. हे कुठल्याही तक्त्यात त्याच्या नावावर लिहिलं जात नाही. तिसरी, बास्केटखालून चेंडूला टप्पे देत आरपार निघून जाणं. आत घुसतो, उंच माणसं अंगावर आली की नेम न मारता बोर्डाच्या मागच्या रेषेलगत वळसा घेतो, आणि वळसा पुरा होईतो कुणीतरी मोकळा झालेला असतो. कुणीच मोकळा नसेल तर आठ-दहा फुटांवरून मागे झुकत स्वतःच मारतो. लांबून तीन गुणांचे नेम मारण्याच्या आजच्या काळात हा फटका जुनाट समजला जातो. त्याची पोतडी एवढीच, आणि ती त्यानं दहा वर्षं वापरली.

कधीतरी ही पोतडी तक्त्यातही दिसते. ३ मार्च २०२१ ला क्लीव्हलँडविरुद्ध त्यानं १६ गुण, १३ असिस्ट (ज्यांवर बास्केट झाली असे पास) आणि १० वेळा चेंडू पळवणं असा हिशेब मांडला. त्यातल्या नऊ चोऱ्या पहिल्या अर्ध्यात, आणि तो लीगचा विक्रम ठरला. ११ जून २०२५ ला ओक्लाहोमा सिटीविरुद्ध अंतिम फेरीचा तिसरा सामना पेसर्सच्या घरी, याच गेनब्रिज फील्डहाउसमध्ये झाला. त्यात बाकावरून येऊन पंधरा मिनिटांत १० गुण, ५ असिस्ट, ५ चोऱ्या. त्या रात्री पेसर्सच्या बाकानं ४९ गुण केले, समोरच्या बाकानं १८. अकरा दिवसांनी सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये मुख्य गार्ड टायरीझ हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली. मॅककॉनेलनं १६ गुण केले. पेसर्स सामना हरले, अजिंक्यपद गेलं. पंधरा मिनिटं भरून काढणारा माणूस तीस मिनिटं भरून काढू शकेलच असं नाही. ही मर्यादाही त्याच दिवशी दिसली.

मॅककॉनेल नशीबवान. पेसर्सनं त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे साडेचार कोटी डॉलरचा करार वाढवला. या धंद्याचा खरा चेहरा इश स्मिथचा. तोही ड्राफ्टबाहेरचा, सहा फुटी, विलक्षण वेगवान. तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळण्याचा एनबीएचा विक्रम त्याच्या नावावर आहे. याला विक्रम म्हणावं की बदल्यांचं सर्व्हिस बुक, कळत नाही. मोठ्या खेळाडूंचे सौदे होतात तेव्हा दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो, आणि मेळ बसवायला राखीव गार्ड सोयीचा असतो. शेन बॅटियरच्या सौद्यात स्मिथ गेला, जे. जे. रेडिकच्या सौद्यातही गेला. पण २०१५ च्या डिसेंबरात गंमत झाली. एक विजय आणि तीस पराभव अशा अवस्थेतल्या फिलाडेल्फियानं, आधी सोडून दिलेल्या याच स्मिथला दुसऱ्या फेरीतले दोन ड्राफ्ट-हक्क मोजून परत आणलं. चेंडू सुखरूप पलीकडे नेणारा माणूस नसला की संघाची काय दशा होते, ते त्यांना कळलं होतं. मॅककॉनेल तेव्हा तिथेच होता, पहिल्याच वर्षात.  स्मिथला २०२३ मध्ये डेन्व्हरबरोबर अजिंक्यपद मिळालं, पण त्या प्लेऑफमध्ये तो मैदानात क्वचितच उतरला.

त्याहून खालची पायरी दहा दिवसांच्या कराराची. ५ जानेवारीपासून संघांना असे करार करता येतात: दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एकाच संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. मग उरलेल्या हंगामासाठी ठेवा, नाहीतर सोडा. हातात एक बॅग, हॉटेलची खोली, आणि संघाच्या चालींची यादी रात्रीत पाठ करायची. लीगमधली वर्षं वाढली की किमान पगारही वाढतो, म्हणजे अनुभवी माणूस महाग पडून मागे पडायचा. ते टळावं म्हणून एका वर्षाच्या किमान करारावरच्या जुन्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग लीग स्वतः भरते. हा नियम कुणी केला असेल त्याला बाकावरची माणसं ठाऊक असावीत.

सरावातलं काम वेगळंच. उद्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली राखीव फळीनं आपल्या मुख्य फळीसमोर करून दाखवायच्या. आज एका गार्डची नक्कल, परवा दुसऱ्याची. लीगमधल्या प्रत्येक मोठ्या गार्डच्या सवयी राखीव गार्डला अशा अंगात उतरवाव्या लागतात. पुढे त्यांच्यातले काही उत्तम प्रशिक्षक झाले याचं मला मुळीच नवल वाटत नाही. स्टीव्ह कर ९१० सामने खेळला आणि त्यातले फक्त ३० सुरुवातीपासून. १९९७ च्या अंतिम फेरीत जॉर्डनच्या पासवर निर्णायक नेम त्यानं मारला, आणि नंतर गोल्डन स्टेटला प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपदं मिळवून दिली. मॅककॉनेलचे प्रशिक्षक रिक कार्लाइल स्वतः १९८६ च्या विजेत्या सेल्टिक्सच्या बाकावरचे गार्ड. २०११ च्या अंतिम फेरीत डॅलस १-२ नं मागे असताना त्यांनीच जे. जे. बरेआ या बुटक्या राखीव गार्डला सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. बाकावर बसून ज्यानं खेळ पाहिला, त्याला बाकावरचा माणूस कधी उठवायचा हे कळतं.

राखीव गार्डला मी अपुरा राहिलेला मुख्य गार्ड मानत नाही. ते वेगळं काम आहे, त्याचं कसब वेगळं, आणि मुख्य गार्डांपैकी पुष्कळांना ते जमणार नाही. भारतात हे सामने पहाटे-सकाळी दिसतात. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मोठी नावं बसलेली असतात म्हणून चहा टाकायला उठायची आपल्याला सवय असते. एखाद्या दिवशी तो चहा दहा मिनिटं पुढे ढकला.