घाम, सोवळें आणि पाणी
श्रमिकाच्या घामाचा वास येतांच आमच्यांतील कित्येक शुचिर्भूत मंडळी नाक मुरडतात. वस्तुतः ताज्या घामास वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरील सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करितात, तेव्हां दुर्गंधि सुटते. हे जंतु जात पाहत नाहींत. सोवळें नेसणाऱ्याच्या काखेंतही ते नांदतात. त्यांस मंत्र पुरत नाहीं, पाणी व साबण लागतात.

पण पाणी सर्वांस कोठें मिळालें? महाडचें चवदार तळें सार्वजनिक असतां अस्पृश्य मानलेल्यांस तेथें मज्जाव होता. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं सत्याग्रह केला; उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ सालीं लागला. आधीं पाणी नाकारावयाचें आणि मग अस्वच्छतेचा ठपका ठेवावयाचा, हा कोणता न्याय? ज्या वस्तींत आजही नळ नाहीं, तेथें स्वच्छतेचें व्याख्यान झोडण्यापूर्वीं आम्हीं नळ न्यावा.