पोर्ट डग्लस : समुद्राच्या पंचांगाप्रमाणे सुट्टी

विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसोळा अंशांवर कोकणातील विजयदुर्ग आहे. तितकेच अंश दक्षिणेस मोजून नकाशावर पूर्वेकडे सरकत गेल्यास ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील पोर्ट डग्लस हे किनाऱ्यावरचे छोटे गाव लागते. नारळाची झाडे, अंगणातील आंबा, दमट हवा, गावाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला लांबलचक पुळण. कोकणातून गेलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी फारसे परके वाटू नये, असेच हे चित्र आहे. फरक दोनच, पण ते मूलभूत आहेत. इथे सूर्य समुद्रात मावळत नाही, समुद्रातून उगवतो. आणि ऋतूंचा क्रम आपल्या नेमका उलटा असतो. पहिला फरक पहाटे लवकर उठणाऱ्याला आनंद देतो. दुसरा लक्षात न घेतल्यास सारी सुट्टी वाया जाऊ शकते.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले मित्र, भाऊ-बहीण किंवा मुले-मुली यांच्याकडे काही आठवडे राहून यावे, असा बेत आता अनेक मराठी घरांतून आखला जातो. सिडनी-मेलबर्न पाहून झाले की यजमान हौसेने उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्याचे आमंत्रण देतात. केर्न्सच्या विमानतळावर उतरायचे आणि एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र अशा रस्त्याने साधारण तासाभरात पोर्ट डग्लसला पोहोचायचे. कार्यक्रमांची गर्दी नाही, स्थळदर्शनाची धावपळ नाही. मित्रांसमवेत गप्पा आणि समुद्र, एवढाच संकल्प. अशा निवांत सुट्टीला पूर्वतयारी ती कसली, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात महिना निवडणे हीच तिची खरी तयारी आहे.

आपल्याकडील सुट्ट्यांचे वेळापत्रक शाळा ठरवतात : एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ. पोर्ट डग्लसचे वेळापत्रक पाऊस आणि समुद्र ठरवतात. तेथील पावसाळा साधारणतः डिसेंबर ते एप्रिल असतो आणि चक्रीवादळेही प्रामुख्याने याच काळात येतात. १३ डिसेंबर २०२३ रोजी ‘जॅस्पर’ हे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि त्यामागोमाग झालेल्या विक्रमी पावसाने संपूर्ण परिसर महापुरात सापडला. म्हणजे नाताळच्या सुट्टीत निघालेला पाहुणा ऐन आषाढ-श्रावणात कोकणात उतरल्यासारखा असतो. पाऊस ज्याला प्रिय आहे त्याने अवश्य जावे; धबधबे आणि जंगल तेव्हाच भरात असतात. मात्र समुद्रस्नानाचे स्वप्न बाळगून जाऊ नये, आणि त्याचे कारण केवळ पाऊस नव्हे.

नोव्हेंबर ते मे या काळात या उष्ण पाण्यात विषारी जेलीफिशचा वावर असतो. तेथील लोक त्यांना ‘स्टिंगर’ म्हणतात. त्यांतील ‘बॉक्स जेलीफिश’ आकाराने मोठा असून त्याच्या लांब तंतूंचा दंश काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकतो. दुसरा ‘इरुकांजी’, हा नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक, पाण्यात जवळजवळ न दिसणारा. याच्या दंशाच्या वेळी फारसे काही जाणवत नाही. अर्ध्या तासाच्या सुमारास मात्र कंबर व पोटात असह्य वेदना, उलट्या, घाम आणि रक्तदाबात मोठी वाढ अशी लक्षणे दिसू लागतात. हा विकार नेमका कशामुळे होतो, हे बराच काळ कोडेच होते. केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी १९६१ मध्ये हा इवलासा जीव पकडून त्याचा दंश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात दाखल व्हावे लागले. परंतु कोडे सुटले. पुढे त्या जेलीफिशच्या शास्त्रीय नावात बार्न्स यांचे नाव आले. मुलावर असा प्रयोग करणे आजच्या कोणत्याही निकषात बसणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

या काळात गावाच्या ‘फोर माइल बीच’वर पाण्याचा एक भाग जाळ्याने बंदिस्त केला जातो आणि पोहायचे ते त्या जाळ्याच्या आतच. जाळे मोठ्या जेलीफिशला अडवते. इरुकांजी मात्र त्यातून आत शिरू शकतो. म्हणून अंगभर घट्ट बसणारा पातळ पोशाख घालूनच पाण्यात उतरण्याची पद्धत आहे. पोहण्याचा तोकडा पोशाख घालण्यास संकोचणाऱ्या आपल्याकडील ज्येष्ठ मंडळींना हा पोशाख फारच सोयीचा वाटतो आणि उन्हापासूनही त्याने बचाव होतो. किनाऱ्यावर ठिकठिकाणी खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या दिसतात. त्या दंशावरील प्रथमोपचारासाठी आहेत. व्हिनेगर ओतल्याने त्वचेला चिकटलेल्या, अद्याप न फुटलेल्या विषपेशी निष्क्रिय होतात. शरीरात गेलेले विष किंवा होणारी वेदना त्याने कमी होत नाही. दंशाची जागा चोळणे किंवा गोड्या पाण्याने धुणे घातक ठरते. तातडीच्या मदतीसाठी ००० हा क्रमांक फिरवावा.

खाऱ्या पाण्यातील मगरीला मात्र कोणताही हंगाम नसतो. क्वीन्सलँडमध्ये १९७४ पासून तिला कायद्याने संरक्षण आहे. खाड्या, नद्यांची मुखे आणि खारफुटीच्या कडा हे तिचे हक्काचे घर. क्वचित ती पुळणीवरही दिसते. पिवळ्या सूचनाफलकावर मगरीचे चित्र असेल तेथे पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर दूर राहावे, असा तेथील नियम आहे. डेनट्री नदीच्या काठी पाय पाण्यात सोडून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा, एवढेच.

मग जावे तरी केव्हा? निवृत्त मंडळींनी जून ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि जेलीफिशचा धोका सर्वांत कमी. त्यातही जून-जुलैमध्ये आग्नेय दिशेचा वारा जोरदार वाहतो व बोटीचा प्रवास त्रासदायक होऊ शकतो; शिवाय जूनअखेर तेथील शाळांना सुट्टी लागल्याने दर चढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र अधिक शांत असतो. शाळेत जाणारी मुले बरोबर असतील तर मे महिन्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये येणारी दिवाळीची सुट्टी उजवी. मेमध्ये हवा सुखद होते, परंतु जाळी अजून पाण्यातच असतात.

गाव पाहायला एक सकाळ पुरते, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. मॅक्रॉसन स्ट्रीट हा मुख्य रस्ता खाडीपासून समुद्रापर्यंत पायी सहज चालून होतो. १८७७ मध्ये डोंगरापलीकडील सोन्याच्या खाणींचे बंदर म्हणून हे गाव वसले. क्वीन्सलँडचे तत्कालीन पंतप्रधान जॉन डग्लस यांचे नाव त्याला मिळाले. (तेथे राज्याच्या प्रमुखासही ‘प्रीमियर’ म्हणतात, आपल्या भाषेत मुख्यमंत्री म्हणणेच योग्य.) पुढे डोंगरावर जाणारी रेल्वे केर्न्सहून काढण्याचा निर्णय झाला आणि पोर्ट डग्लसचे वैभव ओसरले. १९११ च्या चक्रीवादळाने बहुतेक इमारती जमीनदोस्त केल्या. त्यानंतर कित्येक दशके हे मासेमारीचे एक विस्मृत खेडे होते. १९८० च्या दशकात क्रिस्टोफर स्केस या उद्योजकाने येथे भव्य विश्रामधाम उभारले आणि गाव जगाच्या नकाशावर आले. स्केस स्वतः पुढे दिवाळखोर होऊन स्पेनला निघून गेले. गाव मात्र टिकले.

समुद्राचे खरे वैभव किनाऱ्यावर नाही. बोटीने सुमारे दीड तास आत गेल्यावर ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ची बाहेरची कड लागते. सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ही प्रवाळभित्ती १९८१ पासून जागतिक वारसा आहे. ज्यांना एवढ्या लांबचा प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी जवळच ‘लो आइल्स’ ही बेटे आहेत. तेथे १८७८ चे दीपगृह असून १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पथकाने वर्षभर राहून प्रवाळांचा पायाभूत अभ्यास केला होता. पोहता न येणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. तरंगते जाकीट व मार्गदर्शक यांच्या साहाय्याने पाण्यावर पालथे पडून खालचे जग पाहता येते. हृदयविकार, दमा, मधुमेह असे आजार असल्यास ते बोटीवरील अर्जात खरेखुरे लिहावेत. ‘उगीच जाऊ देणार नाहीत’ या भीतीने आजार लपवणे हा आपल्याकडील ज्येष्ठांचा नेहमीचा दोष, आणि तो इथे महागात पडू शकतो.

प्रवाळाचे रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे असतात. तेच त्याला अन्नही पुरवते. पाणी नेहमीपेक्षा फार काळ तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी वेळीच निवाल्यास तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी असे व्यापक विरंजन झाले. २०१६ मध्ये उत्तरेकडील भागाला सर्वाधिक झळ बसली. त्यामुळे माहितीपुस्तिकेतील छायाचित्रासारखे रंग प्रत्येक ठिकाणी दिसतीलच असे नाही. कुठे जावे हे स्थानिक मित्रांना विचारून ठरवावे. पाहुणा म्हणून जाण्याचा हा एक मोठाच लाभ.

गावापासून जवळच मॉसमन आहे. तेथील उसाचे मळे पाहून कोल्हापूर-सांगलीकडील पाहुण्याला घरची आठवण व्हावी. परंतु शतकाहून अधिक काळ चाललेला मॉसमनचा साखर कारखाना २०२३ च्या हंगामानंतर बंद पडला, आणि उभ्या उसाचे करायचे काय हा आपल्याला सुपरिचित असलेला प्रश्न तेथील शेतकऱ्यांपुढेही उभा राहिला. मळ्यांच्या मागे मॉसमन घळ आणि पुढे डेनट्रीचे वर्षारण्य, हे जगातील अतिप्राचीन वर्षारण्यांपैकी एक आहे. १९८८ मध्ये हा प्रदेशही जागतिक वारसा ठरला. ही भूमी मुळात कुकू यलांजी लोकांची. सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांना विधिवत परत देण्यात आली. मॉसमनच्या घळीत त्यांच्यापैकी एखाद्या वाटाड्यासोबत फिरल्यास कोणते फळ खाण्याजोगे, कोणती पाने जखमेवर लावायची हे कळते. एरवी जंगल म्हणजे नुसतीच हिरवी भिंत.

मित्राच्या घरी राहण्याचेही काही संकेत आहेत. तेथे घरकामाला माणूस नसतो. यजमान दिवसभर नोकरी करून संध्याकाळी स्वयंपाक करतो. पाहुण्याने भांडी घासणे, कपडे वाळत घालणे, एखाद्या दिवशी सर्वांसाठी पिठले-भात करणे यात कमीपणा मानू नये. ‘तुम्ही बसा’ असे यजमान म्हणतीलच. पण बसून राहू नये. सार्वजनिक उद्यानांत विजेवर चालणाऱ्या विनामूल्य शेगड्या असतात. संध्याकाळी तेथे भाज्या भाजत बसणे, हा या गावातील सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत आनंदाचा कार्यक्रम होय.

सामान भरताना लोणची, तूप, मिठाई, मसाले यांचा मोह आवरणे कठीण असते. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत. सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रकात घोषित करावा. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेल्या वस्तूबद्दल मोठा दंड होतो. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. व्हिसाच्या अर्जाला यजमानांचे निमंत्रणपत्र आणि बँक खात्याचे अलीकडचे विवरणपत्र जोडावे. भारतीय पाहुण्याला तेथील ‘मेडिकेअर’ योजनेचा लाभ मिळत नाही. त्यामुळे प्रवासविमा घ्यावाच, आणि त्यात बोटीवरील व पाण्यातील अपघात समाविष्ट आहेत का हे आधी वाचावे.

पैशाचे नियम आता बरेच सुटसुटीत आहेत. २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलर आहे. बहुतेक खर्च कार्डानेच होतो. दुकानातील यंत्र ‘रुपयांत आकारू की ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये?’ असे विचारते, तेव्हा डॉलरच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा भासला तरी त्यातील विनिमयदर बहुधा तोट्याचा असतो. नोटा प्लॅस्टिकच्या असल्याने खिशात राहून भिजल्या तरी बिघडत नाही. नाण्यांत मात्र नवखा फसतो : दोन डॉलरचे नाणे एक डॉलरच्या नाण्यापेक्षा लहान आहे.

परतल्यावर उरलेल्या परकीय चलनाच्या नोटांपैकी २,००० अमेरिकी डॉलर मूल्यापर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असल्यास १८० दिवसांत बँकेत जमा कराव्या लागतात. नाणी कितीही ठेवता येतात, पण ती बदलून देणारे कोणी सहसा भेटत नाही. त्यामुळे ती शेवटच्या रविवारी अँझॅक पार्कमधील बाजारातच खर्चावीत. समुद्राकाठच्या झाडांखाली भरणाऱ्या या बाजारात फळे, हस्तकलेच्या वस्तू आणि ताजा उसाचा रस मिळतो.