घरातला वारसा आणि वर्षाची तपासणी : मारफान सिंड्रोम समजून घेताना

(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. मी कुणाला साधी गोळीही लिहून देऊ शकत नाही. मग आजारावर बोलायला का उभा राहिलो, ते आधी सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. सगळ्यांत उंच, हातपाय लांबसडक, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. त्याला व्हॉलीबॉलच्या संघात मीच ढकललं. 'एवढी उंची काय फुकट घालवतोस?' असं म्हणालो होतो. त्याचे वडील चाळिशीच्या आत छातीत कळ येऊन गेले होते, हे मला ठाऊक होतं. 'अटॅक आला' म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो होतो. पुढे तिशीत तोही तसाच गेला. या वेळी मात्र डॉक्टरांनी मारफान सिंड्रोमचं नाव घेतलं. काही दिवसांनी त्याची बहीण लहान मुलीला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, हिचं काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरात संयोजी ऊती असतात. हाडं, सांधे, डोळ्यांतलं भिंग, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना बांधून ठेवणारं ते विणकाम. त्या विणकामात फायब्रिलिन नावाचं एक प्रथिन लागतं. ते कसं बनवायचं याची सूचना पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. ती सूचना बिघडली की विणकाम सैल पडतं. पॅरिसच्या आंत्वान मारफान या बालरोगतज्ज्ञांनी १८९६ मध्ये लांब, सडपातळ बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. जनुकातला दोष सापडायला मात्र १९९१ साल उजाडलं. साधारण पाच हजारांत एकाला हा विकार असतो. उंची, वाकलेला कणा, सरकलेलं भिंग हे दिसतं किंवा जाणवतं. खरा धोका दिसत नाही. हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी हळूहळू फुगत जाते आणि एक दिवस तिची भिंत चिरते.

आता वारसा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा हिशोब पुष्कळांना पाठ आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. मारफानचा हिशोब वेगळा. इथे एकाच पालकाकडून बिघडलेलं जनुक आलं तरी पुरे, आणि ते येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, आईकडून असो की वडिलांकडून, फरक नाही. आणि 'पहिल्याला झालं, आता दुसरा सुटला' असंही नाही. नाणं दर वेळी नव्याने उडतं.

आमच्या न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वर्गात ते मी वर्षानुवर्षं शिकवले. त्यांचा उपयोग मला या प्रकरणात कळला.

पहिला पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याकडे. सातपुड्यावर ढग दाटले की आपण म्हणतो, पाऊस येणार. पालकाला मारफान आहे, तर प्रत्येक मुलाची तपासणी हवी. मूल उंच नसलं तरी हवी. कारण एकाच घरात एकाचे डोळे बिघडतात, दुसऱ्याची धमनी, तिसऱ्यात फक्त लांब बोटं.

दुसरा शेषवत्, कार्यावरून कारणाकडे. प्रकाशाला तापी गढूळ होऊन दुथडी वाहते, इथे थेंबही नसतो, तरी आपण म्हणतो, वर कुठेतरी पाऊस झाला. मुलात विकार सापडला तर आईवडील आणि भावंडंही तपासायची. सुमारे पाऊण रुग्णांत तो पालकांकडून आलेला असतो. उरलेल्या पावांत बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो, घराण्यात पूर्वी कुणालाही नसतो. म्हणून 'आमच्याकडे हे नव्हतंच' म्हणत सुनेकडे बोट दाखवू नका. यात कुणाचं पाप नाही आणि कुणाचा कोपही नाही.

फ्लो हायमन ही अमेरिकेची नामवंत व्हॉलीबॉलपटू, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातली. उंची सहा फूट पाच इंच. जानेवारी १९८६ मध्ये जपानला सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली. वय ३१. आधी सगळ्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. शवविच्छेदनात चिरलेली महाधमनी दिसली, मारफान कळला. मग तिच्या भावाला तपासलं, तर त्यालाही तोच विकार. त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या वेळी असं कुणी मागे वळून पाहिलंच नाही.

तिसरा सामान्यतोदृष्ट. सूर्य चालताना दिसत नाही. सकाळी इथे, दुपारी तिथे दिसतो, म्हणून तो सरकला असं आपण मानतो. नियमित तपासणी म्हणजे नेमकं हेच. एका इकोवरून धमनी आज किती रुंद आहे ते कळतं. ती फुगते आहे का, हे दोन इकोंच्या तुलनेतून कळतं. निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा, मग स्थिर असेल तर दरवर्षी, वाढत असेल तर आणखी लवकर. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, फाइल करून ठेवा. डोळ्यांची आणि वाढत्या वयात कण्याचीही तपासणी लागते.

वाढ मंदावण्यासाठी बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनसारखी औषधं देतात. रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास गेली की शस्त्रक्रियेचा विचार होतो. घरात कुणाची धमनी चिरली असेल तर त्याआधीही. जड वजन उचलणं, कबड्डीसारखे अंगावर येणारे खेळ टाळायचे, चालणं चांगलं. बाईने गरोदर राहण्याआधी हृदयतज्ज्ञाला भेटायचं. आणि छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर घरी थांबायचं नाही. रुग्णालयात पहिलं वाक्य, 'आमच्या घरात मारफान आहे.' १९७२ च्या एका अभ्यासात या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. आज देखरेख आणि वेळेवर शस्त्रक्रिया मिळाली तर माणूस सत्तरीपर्यंत जाऊ शकतो.

एक श्रोते : सर, धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने हे सगळं करायचं कुठे?

प्रश्न रास्त आहे. सुरुवात शाळेपासून होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत मुलं तपासायला येतं. त्यांना सांगा, या मुलाचे वडील तरुणपणी अचानक गेले, याच्या डोळ्यांतलं भिंग सरकलंय. तेवढं सांगितलं की पुढची चिठ्ठी मिळायला आधार होतो. इको हृदयतज्ज्ञाकडे होतो; धुळे, नाशिक, सुरत आपल्याला परकी नाहीत. जनुक चाचणी महाग आहे, पण घरातल्या एकातला नेमका बिघाड सापडला, तर बाकीच्यांचा निकाल हो किंवा नाही असा स्पष्ट लागतो. ज्याच्यात तो नाही, त्याची वर्षाची फेरी सुटते.

आता त्या बहिणीचं. डॉक्टरांनी मुलीच्या आधी तिलाच तपासलं. कारण आईत विकार नसेल, तर मुलीकडे तिच्या बाजूने येणारच कुठून? "हिचं काय" या प्रश्नाआधी "तुझं काय" हा प्रश्न होता, आणि तो ना तिने विचारला होता, ना मी. तिची धमनी फुगलेली निघाली. आज ती औषध घेते, दरवर्षी इको करते, आणि मुलीलाही सोबत नेते.

घरी गेल्यावर एका कागदावर तीन पिढ्या लिहून काढा. कोण कोणत्या वयात गेलं, कशाने गेलं, डोळे कसे होते. त्यात तरुण वयातला अचानक मृत्यू दिसला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.